बुद्धिबळाच्या पटावर ३८५ दाणे जास्त

मा. संपादक साहेब,

नमस्कार. परवा मुलांच्या पानावर तुम्ही ती बुद्धिबळाची गोष्ट छापली, पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं डबल डबल करत ६४ घरं. गोष्ट मस्तच, आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीला वर्ल्डकप मारल्यापासून आमच्याकडे बुद्धिबळाचं इतकं वेड आहे की नातीने ती मलाच वाचून दाखवली. पण एकूण दाणे छापलेत १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५२,०००. इथे घोळ झाला ना साहेब.

मी रिटायर्ड कॅशियर, शेवटी तीन शून्यं दिसली की मला आधी शंका येते. पहिल्या घरात एकच दाणा, बाकी ६३ घरांत सगळे सम, म्हणजे बेरीज विषमच येणार, ती शून्यावर संपेलच कशी? खरा आकडा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. तुम्ही ३८५ दाणे जास्त वाटले. कॉम्प्युटरवर केलं असेल, तो बरेचदा पहिले पंधरा-सोळा अंकच नीट धरतो अन् पुढे गोल करून शून्यं ठोकतो. काउंटरवर ३८५ चा फरक आला असता तर आम्हाला रात्री घरी जाऊ दिलं नसतं.

शेवटचा ५ तर तोंडी निघतो. एकूण दाणे म्हणजे दोनाचा ६४ वा घात वजा एक. दोनाच्या घातांचा शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरत राहतो, ६४ ला चारने भाग जातो म्हणून ६४ वा घात ६ वर संपतो, त्यातून एक वजा. झालं.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती छापायला पाहिजे होती. अर्ध्या पटावरचे, म्हणजे पहिल्या ३२ घरांतले दाणे ४,२९,४९,६७,२९५. त्यात दोन मिळवा, दोन्ही आकड्यांचा गुणाकार करा, अख्ख्या पटाचे दाणे हजर! काऊन? तर शाळेतलं तेच अ वर्ग वजा ब वर्ग. मग ३२ घरांचे १६ वरून, १६ चे ८ वरून, असं उतरत उतरत ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या मूळ संख्या हाती येतात. राहतो अर्ध्या पटाच्या आकड्यात दोन मिळवून आलेला ४,२९,४९,६७,२९७. गणितज्ञ फर्माला वाटायचं हा पण मूळच, पण १७३२ मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने त्याला ६४१ ने भागून दाखवलं, भागाकार ६७,००,४१७, आणि तोही मूळच निघाला. वीस अंकी आकडा, १८४ परार्धांच्या वरचा, अन् मूळ अवयव फक्त सात, एकही दुसऱ्यांदा येत नाही.

दुरुस्ती छापाल तर पूर्ण आकडा एकाच ओळीत घ्या, नातीला कापून वहीत चिकटवायचाय. आणि स्वल्पविराम तेवढे तपासा, नाहीतर मी परत लिहीन.

आपला,
एक जुना वाचक
धरमपेठ, नागपूर