मंद्याला, भिवंडीहून

प्रिय मंद्या,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, बाबांची शुगर आहे तिथेच आहे.

साहेबांना माझी सही हवी आहे. रोबो सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकातल्या नकली गोदामात, पास, तेव्हा गोदामातली चाचणी निम्म्यावर आणायची, आणि कागदावर नाव माझं. घरी सांगितलं तर म्हणतात, ‘मग कर की सही.’ म्हणून तुला लिहितोय.

गझिबोतलं, म्हणजे त्या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधलं, आमचं गोदाम बघून तू हसशील. लादी आरशासारखी, माणसं सरळ रेषेत चालतात, मध्येच उकिडवं बसून तंबाखू कोणी मळत नाही. उजेड बदलतो, चाकांचं घर्षण बदलतो, लायडारच्या, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या, रीडिंगमध्ये मुद्दाम गोंधळ घालतो. रात्रभर फेऱ्या चालतात, धडक नाही. पण बदलतो ते आम्हाला सुचलेलंच ना!

परवा इथे एक हमाल हँडपॅलेट, ती माल उचलायची दोन काट्यांची हातगाडी, तशीच सोडून चहाला गेला. काटे खाली टेकवलेले, जमिनीपासून जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर. आमचा लायडार वीसच्या पातळीवर बघतो. त्याला लांबवरचं हँडल दिसलं, काटे नाहीत. सिम्युलेशनमध्ये हँडपॅलेट म्हणजे अख्खा ठोकळा, तो चुकणार कसा? पठ्ठ्या थेट काट्यांवर चढला. दुपारी त्याच गल्लीत माणसं पाय पसरून जेवतात रे.

साहेब म्हणतात, ॲमेझॉनने २०१२मध्ये किव्हा ही गोदामातल्या रोबोंची कंपनी साडेसत्त्याहत्तर कोटी डॉलरला उगाच घेतली का? अरे, पण किव्हाचे रोबो कुंपणाच्या आत फिरायचे, तिथे माणसांना मज्जाव!

आता लगेच ‘मी सांगत होतो’ सुरू करू नकोस. २०१४ला बालेवाडीत एबीयू रोबोकॉन ही रोबोंची स्पर्धा बघताना तू सिम्युलेशनला व्हिडिओ गेम म्हणाला होतास, ते मला आजही मान्य नाही. शंभर रोबो एका चौकात अडकतात का, हे खरोखर बघायचं तर आधी शंभर रोबो विकत घ्यावे लागतील. पैसे तू देणार? त्या दिवशीच्या वडापावचेही अजून दिलेले नाहीस.

सहीच्या वर एक ओळ घालायचं डोक्यात आहे: ‘जमिनीलगतचे अडथळे तपासलेले नाहीत.’ साहेब ती खोडायला लावणार. तेव्हा अडून बसू, की राजीनाम्याची भाषा करू? घराचा हप्ता तुला माहीतच आहे.

सांगलीचं घर लागलं का? चिऊची शाळा, वहिनींची बदली, सगळं सविस्तर कळव. पण आधी ओळीचं सांग. कागद सोमवारी टेबलावर येतोय.

तुझा,
पक्या