संस्थेत कोण आले, कोण गेले, हीही बातमीच आहे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर आरोग्याचे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या बातम्या वरचेवर येतात आणि त्या मी नेमाने वाचतो. फिरत्या दवाखान्याच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवला, नेत्रतपासणी शिबिराचा अनेकांनी लाभ घेतला, वर्धापनदिनी कर्मचाऱ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, असे त्यांचे स्वरूप असते. या बातम्या खोट्या नसतात. पण त्या गाडीत पुढच्या महिन्यात डॉक्टर असणार आहे की नाही, हे त्यांतून कळत नाही. गेल्या वर्षी सुरू झालेला कार्यक्रम यंदा चालू आहे का, तिथली सिस्टर सोडून गेली असेल तर तिच्या जागी कोणी आले का, आणि कार्यक्रम बंद झाला असल्यास त्यावर अवलंबून असलेल्या माणसांनी आता कुठे जायचे, ही माहिती छापून आलेली मला आठवत नाही. ती छापली जावी, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी धाराशिव जिल्ह्यातील एका आरोग्य संस्थेत एकवीस वर्षे लेखापाल होतो. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिने केलेले काम चांगले होते आणि जे सांगणार आहे त्यात एकट्या तिचा दोष नाही. संस्थेने एका मोठ्या गावात बाजाराच्या दिवशी, म्हणजे दर गुरुवारी, रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला होता. एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून तीन वर्षांचा करार झाला होता. तालुक्याहून डॉक्टर गुरुवारपुरते येत, आणि एक सिस्टर मात्र पूर्णवेळ गावातच राहत असे. उद्घाटनाला आमदार आले होते आणि फीत कापतानाचे छायाचित्र दोन वृत्तपत्रांत आले होते. ती कात्रणे मीच फाइलला लावली.

दवाखाना खऱ्या अर्थाने चालवला तो त्या सिस्टरने. कोण पंधरा दिवसांच्या गोळ्या महिनाभर पुरवतो, कोणाला चक्कर येते पण तो घरी सांगत नाही, कोणाच्या सुनेला सांगितले म्हणजे पथ्य पाळले जाते, हे तिला तोंडपाठ होते. बाजाराला आलेली माणसे भाजीची पिशवी दाराशी ठेवून दंडाला पट्टा बांधून घेत आणि गोळ्या घेऊन पुढे जात. अशा रुग्णाला काही दुखत-खुपत नसल्यामुळे औषध चालू ठेवण्याचे एकमेव कारण पुष्कळदा ‘सिस्टर रागावतील’ हेच असते, हे या क्षेत्रात काम केलेला कोणीही मान्य करील.

तिसऱ्या वर्षीच्या ३१ मार्चला करार संपला. कंपनीने नूतनीकरण केले नाही, आणि तिने करारात तसे आश्वासनही दिलेले नव्हते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे आणि तिने ग्रामीण आरोग्याच्या कामात बराच पैसा आणला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र ‘चालू प्रकल्प’ म्हणून कंपनीला जो प्रकल्प दाखवता येतो, त्याची मुदत सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे असते. त्यामुळे संस्थांमधल्या कित्येक नेमणुकांचे आयुष्य पहिल्याच दिवशी ठरून गेलेले असते. रक्तदाबाचा रुग्ण आयुष्यभराचा आणि त्याची सिस्टर तीन वर्षांची, हा हिशेब कोणत्याही ताळेबंदात जुळत नाही.

सिस्टरचे शेवटचे मानधन मीच काढले. ती लातूरकडच्या एका खासगी रुग्णालयात रुजू झाली. दवाखान्याच्या खोलीला कुलूप लागले. त्यानंतर कित्येक गुरुवार माणसे येत राहिली. सिस्टर लग्नाला गेली असेल, आजारी असेल, असे एकमेकांना सांगत राहिली आणि हळूहळू यायची थांबली. रक्तदाबाच्या त्याच गोळ्या सात किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळत होत्या, पण ते त्यांना कोणी सांगितले नाही. प्रकल्प समन्वयक अंतिम अहवालात गुंतलेले, विश्वस्त नव्या निधीच्या शोधात आणि मी उपयोगिता प्रमाणपत्राच्या तयारीत. गावाला कळवणे हे आमच्यापैकी कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते, आणि ज्या दोन वृत्तपत्रांनी उद्घाटन छापले होते त्यांना बंद झाल्याची बातमी आम्ही दिली नाही, त्यांनीही विचारली नाही. पुढे त्या गावातल्या दोघांना पक्षाघात झाल्याचे कानावर आले. गोळ्या बंद झाल्यामुळेच तो झाला असे मी म्हणणार नाही, तसे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु ते दोघेही आमच्या रजिस्टरात होते.

येथे एक गमतीशीर विसंगती सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला आम्ही सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतो, तो द्यावा लागतो. वर्षातून चार वेळा बैठकीला येणारा विश्वस्त बदलला तर शासनदरबारी नोंद होते, आणि रोज गावात राहणारी सिस्टर गेली तर साध्या फळ्यावरही नोंद होत नाही. कायद्याने तशी सक्ती करावी असे माझे म्हणणे नाही, संस्थांच्या मानेवर आधीच पुरेशी कागदपत्रे आहेत. मात्र जिथे कायद्याचे काम संपते तिथून वृत्तपत्राचे सुरू होऊ शकते.

कर्मचाऱ्यांचे येणे-जाणे हा संस्थेचा खासगी मामला आहे, असा आक्षेप कोणी घेईल. आरोग्याच्या कामाचा इतिहास मात्र निराळे सांगतो, आणि त्यासाठी आमच्या भागाला फार लांब जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांनी आधी शिकलेल्या परिचारिका गावोगावी ठेवून पाहिल्या. त्या गावात रमल्या नाहीत आणि गावानेही त्यांना आपले मानले नाही. मग गावानेच निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर आणि बऱ्याच दलित समाजातल्या बायकांना दर आठवड्याला जामखेडला बोलावून शिकवायला सुरुवात झाली. पुढे १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि त्याची बातमी सर्वत्र झाली, ती व्हायलाच हवी होती. पण ज्या बदलामुळे जामखेड हे नाव जगभरच्या आरोग्य अभ्यासकांना ठाऊक झाले, तो बदल मुळात नेमणुकीचा होता. बाहेरून आलेली परिचारिका जाते आणि गावची सून गावात राहते, एवढे ध्यानात घेऊन कामाची माणसेच बदलली गेली. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत आरोळे २०११ मध्ये गेले. त्यांच्यामागे काम उभे राहिले ते या बायकांच्या आणि पुढच्या पिढीच्या बळावर.

गडचिरोलीचेही तसेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाची घरी जाऊन तपासणी करणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे हे सारे त्यांना शिकवले, आणि नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभरातल्या आशा स्वयंसेविकांकडे हे काम आले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईने घरी जायचे असते, आणि घरी बाळंतपण झाले असेल तर पहिल्या दिवसाची भेट धरून सात वेळा.

या दिवसांकडे लेखापालाच्या नजरेने पाहावे. एखाद्या गावातली कार्यकर्ती सोडून गेली आणि तिची जागा दोन महिने रिकामी राहिली, तर संस्थेच्या वार्षिक अहवालात ‘एक पद काही काळ रिक्त’ एवढीच ओळ येते. त्या दोन महिन्यांत जन्मलेल्या बाळाचा मात्र बेचाळीस दिवसांचा सगळा कार्यक्रमच निघून गेलेला असतो. नंतर नेमलेली बाई कितीही हुशार असली तरी तिसरा दिवस तिला परत आणता येत नाही. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचाराला सहा महिने लागतात, त्यालाही हेच लागू पडते.

रिक्त जागा हल्ली का वाढतात, याचा एक भाग निधीच्या नियमांत आहे. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने आपल्याला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. प्रशासकीय खर्चाला लगाम असावा हे मला तत्त्वतः पटते, कारण फुगवलेले खर्च मी पाहिलेले आहेत. पण मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या पैशावर दोन-चार माणसांचे मानधन भागवणाऱ्या लहान संस्थांना दुसऱ्या तरतुदीने फटका बसला, आणि तालुक्यातल्या तालुक्यात काम करणाऱ्या अशा संस्थांकडे ना प्रसिद्धी अधिकारी असतो, ना संकेतस्थळ. त्यांचा एखादा कार्यक्रम बंद पडतो तो आवाज न होता.

कार्यक्रम बंद झाल्याचे जाहीर केले तर उरलेले देणगीदारही हात आखडता घेतील, अशी भीती संस्थाचालकांना वाटते हे मी जाणतो. बैठकांत ती मी स्वतः ऐकली आहे आणि एकेकाळी मलाही ती रास्त वाटत असे. आता वाटत नाही. देणगीदाराला लेखापरीक्षित हिशेबातून ते आज ना उद्या कळतेच. कळत नाही ते रुग्णाला. दुसरा प्रश्न कर्मचाऱ्याच्या खासगीपणाचा. कोण का सोडून गेले, पगार किती होता, कोणाशी पटले नाही, यात वाचकाला रस असला तरी त्याचा त्यावर हक्क नाही, आणि अशा गोष्टी छापू लागल्यास भल्याऐवजी बुरेच होईल. आम्हाला पदाचे नावही पुरे. ‘अमुक गावचा गुरुवारचा दवाखाना १ एप्रिलपासून बंद, रुग्णांनी आपले कार्ड घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे’, एवढ्या दोन ओळी त्या वर्षी आपल्या पानाच्या कोपऱ्यात आल्या असत्या, तरी गावातल्या एखाद्या शिक्षकाने त्या पारावर वाचून दाखवल्या असत्या.

तेव्हा माझी सूचना अशी की, आपण महिन्यातून एकदा जिल्हा पानावर या माहितीला थोडी जागा द्यावी आणि संस्थांकडून ती मागवावी: कोणत्या गावी कोणता दवाखाना किंवा कार्यक्रम सुरू वा बंद झाला, वार किंवा वेळ बदलली का, कोणते पद रिकामे आहे आणि तोवर पर्याय कोणता. शिवाय उद्घाटनाची बातमी घेताना आपल्या वार्ताहराने ‘हा कार्यक्रम कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि त्यानंतर काय’ हा एक प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर बातमीत छापावे. आयोजकांना सुरुवातीला ते अवघड वाटेल, व्यासपीठावर हारतुरे चालू असताना शेवटाची तारीख विचारणे अशुभ वाटणारेही निघतील. पण ती तारीख करारात लिहिलेलीच असते. एकवीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या करारांपैकी शेवटची तारीख नसलेला एकही मला आठवत नाही.

त्या खोलीच्या दारावर ‘रक्तदाब व मधुमेह तपासणी, दर गुरुवारी सकाळी १० ते २’ ही पाटी गेल्या महिन्यात मी तिकडे गेलो तेव्हाही तशीच होती. ती उतरवून तिथे आरोग्य केंद्राचा पत्ता लिहावा, असे पत्र मी विश्वस्तांना वेगळे पाठवले आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
(नाव न छापण्याच्या विनंतीसह)