नीतिशास्त्राचे व्याख्यान की संस्कारवर्ग?

महोदय,

आमच्याकडील एका महाविद्यालयात नुकतेच नीतिशास्त्रावर व्याख्यान झाले. आधी सत्कारांची रांग, मग सुविचार, आणि प्रश्नांना वेळच नाही. संस्कारवर्गच घ्यायचा तर तत्त्वज्ञान विभाग कशाला हवा?

विषयात दम नाही असे थोडेच आहे? खुनी दाराशी येऊन लपलेल्या मित्राबद्दल विचारू लागला तरी खोटे बोलू नये, असे जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९७ मध्ये एका निबंधात मांडले. महाभारताच्या कर्णपर्वातला कौशिक नेमका तसाच वागतो. लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा तो दरोडेखोरांना खराखुरा सांगतो आणि नरकात जातो! कृष्ण ही कथा अर्जुनाला सांगतो तीही केव्हा, तर प्रतिज्ञेपायी अर्जुनाने युधिष्ठिरावर तलवार उपसल्यावर. हे दोन उतारे आधी वाटून दिले तरी सभागृह तासभर भांडत राहील.

असे पूर्वी घडलेही आहे. १९८३ मध्ये पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण आदी तत्त्वज्ञांनी ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलचा, विधान म्हणजे काय याविषयीचा सिद्धान्त संस्कृत पंडितांपुढे ठेवून चर्चा घडवली. आमच्या खानदेशात तर प्रताप शेठजींनी १९१६ सालीच अमळनेरला तत्त्वज्ञानाची संस्था काढली होती.

तेव्हा महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठी फोटो काढून मोकळे होण्यापेक्षा विभागांनी उतारे आठवडाभर आधी द्यावेत, व्याख्यान चाळीस मिनिटांत आटपावे आणि उरलेला वेळ प्रश्नांना ठेवावा, तोही मराठीतून. अध्यक्षीय समारोप नसला तरी चालेल.

– एक निवृत्त शिक्षक, जळगाव