‘क्वांटम’चा मोह आवरावा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील जिवाणूंच्या प्रकाशसंश्लेषणावरील लेख आवडला. पण ‘निसर्गाचा क्वांटम संगणक’ हे विधान खटकले. 2007 साली हरित गंधक जिवाणूंच्या प्रथिनात दीर्घकाळ टिकणारी क्वांटम सुसंगती (म्हणजे प्रकाशाची ऊर्जा लहरीसारखी एकाच वेळी अनेक रेणूंवर पसरलेली असणे) दिसल्याचा दावा झाला होता, हे खरे. मात्र तो प्रयोग उणे 196 अंश सेल्सिअसला झाला होता, आमच्या खान्देशातल्या उन्हात नव्हे! पुढे, प्रयोगात दिसलेल्या लहरी मुख्यतः रेणूंच्या कंपनांच्या असल्याचे दिसले आणि 2020 मध्ये या क्षेत्रातील अनेक संशोधकांनी एकत्रितपणे तसे लिहिलेही. लेखात याचा उल्लेख हवा होता.

जिवाणूची करामत त्याने उणावत नाही. जांभळ्या जिवाणूच्या अभिक्रिया केंद्रात, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन हलवणाऱ्या प्रथिनात, इलेक्ट्रॉन सुमारे 3 पिकोसेकंदांत पुढच्या रेणूकडे जातो. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातले तीन! शोषलेला जवळजवळ प्रत्येक प्रकाशकण कामी येतो. या केंद्राची रचना उलगडणाऱ्या डायझेनहोफर, हुबर आणि मिशेल यांना 1988 चे नोबेल मिळाले. तिथली कंपने इलेक्ट्रॉनला हातभार लावतात की नुसती सोबत करतात, यावर अजून वाद आहे, आणि तोच खरा रंजक भाग.

शाळेत आम्ही गिरणा नदीचा गाळ, कागदाचे कपटे आणि अंड्याचा बलक बरणीत भरून खिडकीत ठेवत असू. दीड-दोन महिन्यांत काचेवर आतून अशाच जिवाणूंचे जांभळट डाग धरत. झाकण उघडल्यावरचा वास मात्र मुले वर्षभर विसरत नसत.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, पाचोरा (जि. जळगाव)