ई-वन अजून चालू आहे, बाबा

नागपूर, रविवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "नवं मशीन आणलं ना, मग जुन्या लायनी त्याच्यात कायले कोंबता? काढून फेका." तुमचा आवाज उतरला होता, तो मनातून जाईना. तुमची टेलिफोनची सगळी नोकरी त्याच ई-वन लायनींवर गेली. म्हणून सविस्तर लिहायला बसले. आई, तूही वाच. तुझ्या हरभऱ्याच्या पाण्याचा यात संबंध आहे.

एकाच लायनीवर तीस बोलणी नेणारी ई-वन तुम्हाला मी काय शिकवणार! सेकंदाला 8000 नमुने, प्रत्येक 8 बिटांचा, म्हणजे एका बोलण्याला 64 किलोबिट. असे 32 टाइमस्लॉट, त्यात शून्य नंबरचा जुळवणीला, सोळावा सिग्नलिंगला, उरलेल्या तिसांत माणसं बोलायची. कोणी बोलो न बोलो, दर 125 मायक्रोसेकंदांनी फ्रेम निघणार म्हणजे निघणार. आमच्या वीज उपकेंद्रांत हीच लाइन आजही राबते आहे. फक्त तिच्यावर माणसं कमी आणि रिले, म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणारी यंत्रं, जास्त बोलतात.

आपल्या शेतावरून जी हाय टेन्शन लाइन जाते, तिच्या टॉवरच्या अगदी शेंड्यावर एक बारीक तार असते. आभाळातली वीज झेलण्यासाठी ती असते, आणि हल्ली बहुतेक मोठ्या लायनींवर तिच्याच पोटात फायबर असतं. लायनीच्या दोन्ही टोकांचे रिले या फायबरवरून एकमेकांना सतत विचारत असतात: माझ्याकडून इतका करंट गेला, तुझ्याकडे तितकाच पोचला का? हिशेब जुळला नाही तर मधे कुठेतरी बिघाड आहे, लाइन ताबडतोब तोडायची. 400 केव्हीच्या लायनीवर बिघाड 100 मिलिसेकंदांत वेगळा पडला पाहिजे असा नियम आहे. म्हणजे आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेची जेमतेम पाच आवर्तनं, आणि त्यात लाइन प्रत्यक्ष तोडणारा ब्रेकर उघडायचा वेळही धरलेला.

आता एसडीएचच्या, म्हणजे ई-वन फायबरवरून वाहून नेणाऱ्या जुन्या पेट्यांची कार्डं मिळेनाशी झाली आहेत. दुसरीकडे कॅमेरे, मीटर, लांबून देखरेख ठेवणारी स्काडा, सगळं आयपीवर, म्हणजे इंटरनेटसारखं पॅकेटांनी बोलणाऱ्या जाळ्यावर आलं. म्हणून आम्ही अ‍ॅग्रिगेशन राउटर बसवतो आहोत. एकाच पेटीत इथरनेटची कार्डं, ई-वनची कार्डं, आणि स्काडाला आकडे पाठवणाऱ्या जुन्या आरटीयू पेट्यांसाठी सिरीयलचीही. पण रिले अजून चांगले आहेत, बरीच वर्षं चालतील. फोनच्या पेटीचं आयुष्य संपलं म्हणून चांगला रिले भंगारात काढायचा, हे मला पटत नाही. म्हणून राउटर ई-वनची बिटं आहेत तशी उचलतो, पॅकेटात भरतो आणि पलीकडे पुन्हा ई-वन करून देतो. याला स्यूडोवायर म्हणतात. रिलेला पत्ताही लागत नाही की मधे तार राहिली नाही.

ऐकायला सोपं आहे, करायला नाही. पॅकेट म्हणजे आपल्या दारव्ह्याच्या स्टँडवरची काळी-पिवळी, सीट भरल्याशिवाय निघत नाही. नेहमीच्या मापाच्या पॅकेटात 256 बाइट, म्हणजे आठ फ्रेम बसतात, ती भरायलाच 1 मिलिसेकंद जातो. पॅकेट लहान केलं तर लवकर निघतं, पण मग पत्त्यांचाच बोजा वाढतो. पलीकडे पॅकेटं मागेपुढे पोचतात, म्हणून बफर ठेवावा लागतो. तो मोठा केला तर उशीर, लहान केला तर बिटं सांडतात. आणि घड्याळ! दोन टोकांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नासाचा फरक पडला, तरी ई-वनवर सेकंदाला शंभरावर बिटं इकडची तिकडे होतात. बफर हळूहळू भरतो किंवा आटतो, आणि शेवटी स्लिप होते, म्हणजे मधली काही बिटं गळतात किंवा दुबार येतात. जुन्या एसडीएचमध्ये घड्याळ लायनीबरोबरच यायचं. साध्या इथरनेटमध्ये ते येत नाही, म्हणून सिंक्रोनस इथरनेट लावून ते मुद्दाम आणावं लागतं.

सगळ्यात जास्त जपावं लागतं ते जाण्या-येण्याच्या वाटेला. जाऊन यायला किती वेळ लागला ते रिले मोजतो आणि त्याचा निम्मा वेळ एका बाजूचा धरतो. समजा जायला 6 मिलिसेकंद लागले आणि यायला 8. रिले दोन्हीकडे 7 धरणार, चूक 1 मिलिसेकंदाची. 50 हर्ट्‌झवर एवढ्यात करंटचा कोन 18 अंश सरकतो, आणि लायनीत काहीही झालेलं नसताना रिलेला जवळजवळ 31 टक्के करंट कमी पडल्यासारखा दिसतो. सेटिंग नाजूक असलं तर तो चांगली लाइन तोडेल. आयपीचा स्वभाव असा की जाताना एक वाट, येताना दुसरी. इंटरनेटला ते चालतं, इथे चालत नाही. म्हणून या सर्किटांना आम्ही दोन्ही दिशांना एकच वाट बांधून देतो, फायबर तुटलं तर दोन्ही दिशा मिळूनच पर्यायी वाटेवर जातात, आणि रांगेत त्यांना कॅमेऱ्यांच्या पुढे उभं करतो.

मागच्या आठवड्यात वर्ध्याकडच्या एका उपकेंद्रात शटडाऊन घेऊन हीच चाचणी केली. मध्यरात्र उलटली होती, पॅनेलरूममध्ये बॅटरी चार्जरचा आवाज तेवढा होता. मी राउटरमधून फायबरचा एक पॅच ओढला. रिलेच्या छोट्या पडद्यावर चॅनेलचा दिवा लाल झाला आणि मी मान वर करेपर्यंत परत हिरवा. उशीर वाढला, पण दोन्ही बाजूंचा सारखाच वाढला. ऑपरेटरकाकांनी चष्मा वर करून आकडे वहीत उतरवले आणि म्हणाले, "आता अजून एकदा ओढा." आम्ही परत ओढला. बाबा, 50 मिलिसेकंदांत वाट बदलते याचं तुम्हाला एसडीएचमध्ये केवढं कौतुक होतं. ते खरंच आहे, पण त्याच क्षणी बिघाड झाला तर शंभरातले पन्नास तिथेच गेले. म्हणून मुख्य रिलेच्या जोडीला दुसरं संरक्षण वेगळ्या मार्गावर ठेवतात, आणि ते ठेवायलाच हवं. खर्च वाचवायला दोन्ही एकाच राउटरवर घ्या असं कोणी म्हटलं, तर मी सही करणार नाही.

आई, रात्रपाळीच्या लायनीवर तू नि बाबा पंप सुरू करायला जाता. ती लाइन उगाच जाऊ नये, यासाठी ही सगळी उठाठेव.

आता तुमच्याकडे एक काम आहे, बाबा. पुढच्या उपकेंद्रात जुन्या मल्टिप्लेक्सरचा, म्हणजे अनेक सर्किटं एका ई-वनमध्ये गुंफणाऱ्या पेटीचा, कोणता टाइमस्लॉट कुठे जातो, याची धड नोंद नाही. लेबलं गळून पडलीत, क्रोनवरचे, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवरचे, जंपर (जोडतारा) एकात एक गुंतलेत. तुम्ही एमडीएफची, म्हणजे एक्स्चेंजमधल्या तारजोडणीच्या मुख्य चौकटीची, नोंद ठेवायचे ती लांब निळी वही लोखंडी कपाटात असेल. तिचे रकाने कसे आखले होते, जंपर काढताना आधी काय तपासायचे, ते फोनवर नीट सांगा, मी लिहून घेते. गुरुवारी रात्री आठनंतर करते फोन.

आईच्या गुडघ्याला सकाळचा शेक चालू ठेवा. लोणच्याची बरणी पोचली.

तुमची,
छकुली