सिन्नरची इस्टेट घेण्याआधी

नाशिक,
८ फेब्रुवारी

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

पत्र आणि फोटो मिळाले. सिन्नरच्या शेडमधली ती अँबेसिडर इस्टेट, म्हणजे मागे सामानासाठी छप्पर लांबवलेली अँबेसिडर, घ्यावी का, आणि घेतली तर रोज कामाला नेता येईल का, हे तुझे दोन प्रश्न. रोज नेता येईल, त्यात काही अडचण नाही. घ्यावी का, हे मात्र गाडीच्या मागच्या अर्ध्या भागावर ठरतं, आणि तुझ्या फोटोंत नेमका तोच नाही. सगळे फोटो बोनेट, इंजिन आणि स्टिअरिंगचे आहेत.

पुढचा अर्धा भाग नेहमीच्या अँबेसिडरचाच असतो. कोलकात्याजवळचा उत्तरपाड्याचा अँबेसिडरचा कारखाना मे २०१४ मध्ये थांबला, पण टॅक्स्या आणि सरकारी गाड्या एवढ्या होत्या की इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, बुश असलं सामान अजून मिळतं. नाशिकात नाही मिळालं तर मुंबईत ऑपेरा हाऊसची दुकानं किंवा कुर्ल्याचा भंगार बाजार आहेच. इस्टेटचं मागचं दार, बाजूच्या लांब काचा, त्यांचे रबर, छपराचा मागचा पत्रा यांची गोष्ट वेगळी. ते दुकानात मिळत नाही. दुसरी मेलेली इस्टेट सापडली तरच. म्हणून इंजिन जाम पण मागून धड असलेली गाडी खुशाल घे. एका सेल्फला सुरू होणारी पण मागून कुजलेली घेऊ नकोस, मालक कितीही कमी करो.

बघायला जाताना एक छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून ने, टॉर्च आणि एक बारीक स्क्रू-ड्रायव्हरही. चुंबक मागच्या चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या चार बोटांवर आणि मागच्या काचांच्या खाली फिरव. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग आतलं मॅटिंग उचल. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दाराखालचे बॉक्स, फ्लोअर, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि पुढच्या टॉर्शन बारचं (पिळाने स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचं) मागचं टोक जिथे बसतं तो आडवा बॉक्स या चार जागी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाब. आत गेला तर ते बॉडीचं काम नसून सांगाड्याचं काम आहे, आणि भाव त्या हिशेबाने कर. वरून रंग फुगलेला दिसला तर घाबरू नकोस. आतून कुजलेलं जास्त वाईट.

इस्टेटमध्ये पाणी वरून येतं आणि खाली सडवतं. मागच्या काचांचे रबर कडक झाले की पावसाचं पाणी आतल्या पॅनलमागून उतरतं आणि मागच्या फ्लोअरमध्ये साठतं. गाडी घेतलीस की रंगाचा विचार करण्याआधी ही एक परीक्षा कर: आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं, बाहेरून दुसऱ्याने पाइपने आधी खाली, मग मधे, मग छपरावर पाणी सोडायचं, प्रत्येक जागी पाच-पाच मिनिटं. एकदम वरून सोडलं तर गळती कुठली ते कळत नाही. रबर मापाचे नाहीच मिळाले तर प्रोफाइल जुळणारी मीटरवरची पट्टी घेऊन कोपऱ्यात ४५ अंशांत कापून जोडतात. दारांच्या तळाची भोकं तारेने मोकळी कर, पेंटर ती हमखास बुजवतात.

पत्र्याचं काम करणारा डेंटर नीट निवड. फ्लोअर आणि बॉक्सला १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, बाहेरच्या पॅनलला २० गेज. कुजलेला भाग चमकता पत्रा लागेपर्यंत कापायचा. गंजावर तुकडा ठेवून वेल्डिंग मारलं तर दोन पावसाळ्यांत कड पुन्हा फुटते. गॅस वेल्डिंगने लांब पत्रा ताणून लाटा येतात, म्हणून मिग (तारेचं विजेचं वेल्डिंग), तेही इंचभर इथे, इंचभर तिथे. आणि हे त्याला बजावून सांग: दाराखालचा बॉक्स कापण्याआधी गाडी चारी बाजूंनी समपातळीत टेकवायची, दाराच्या चौकटीत आडवी नळी टाचायची, आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. नाहीतर बॉडी मधे खचते आणि मग दारं जन्मभर आपटून लावावी लागतात. नंतर आतून इपॉक्सी प्रायमर, आणि पोकळ बॉक्समध्ये मेण फवारून घे.

मागच्या दाराबद्दल एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे. चालत्या इस्टेटच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर उलटा दाराच्या फटीतून आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होणं, मागे बसलेल्या पोरांना मळमळणं ही त्याची खूण. म्हणून टेलपाइप बंपरच्या बाहेर आलाच पाहिजे. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी मधे धरून दार लाव. ओढल्यावर सहज निघाली तर तिथे फट आहे. आणि लांब सामान आहे म्हणून मागचं दार उघडं बांधून कधी चालवू नकोस.

इंजिन १४८९ सीसीचं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) जुन्या बी-सीरिजचं. साधं आणि दणकट. आधी कॉम्प्रेशन बघ: चारही सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या वर फरक नको. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा साधारण ०.६, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या फटीचा, ०.३८. टॅपेट करताना नऊची बेरीज लक्षात ठेव: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा दाबला की दुसरा, असं. मागच्या बाजूने थेंब-थेंब ऑइल गळेल. क्रँकच्या मागे रबरी सील नसतोच, ऑइल परत फेकणारे आटे असतात. त्यामुळे थोडी गळती गृहीत धर. एकदम वाढली तर इंजिन उतरवण्याआधी ब्रीदरची नळी तुंबली आहे का ते बघ. ऑइल २०डब्ल्यू-५०.

आता पेट्रोल. देशभर शिसं नसलेलं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून आलं. जुन्या हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट त्या शिशावर तगून होती. टॅपेटचा गॅप सारखा कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुततो आहे असं समज. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत हेडचं काम करणारे वर्कशॉप आहेत. हेड एकदाच उतरवून एक्झॉस्टला हार्ड सीट ठोकून घे आणि हेड फेस करून घे. दुसरं, पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यात फुगतो, टाकीतला गंज सुटून कार्बोरेटरमध्ये येतो. टाकी उतरवून साफ कर, सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घाल, काचेचा फिल्टर बसव म्हणजे कचरा दिसतो. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडतं, तेव्हा कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) थोडा मोठा लागेल. प्लगचं टोक पांढरं पडलं तर अजून पातळ आहे. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर हे पेट्रोल टाकीत ठेवू नकोस, ते हवेतलं पाणी ओढतं.

मे महिन्यात नाशिकच्या द्वारका चौकाच्या गर्दीत गाडी बंद पडून पुन्हा सुरू होत नाही, ही तक्रार तू ऐकली असशील. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक. उभ्या गाडीत पेट्रोल नळीतच उकळतं. ओलं फडकं टाकणं हा रस्त्यावरचा उपाय झाला. घरचा उपाय म्हणजे मधे अ‍ॅल्युमिनियमची शील्ड, कार्बोरेटरखाली जाड फायबरचा पॅकिंग आणि नळी एक्झॉस्टपासून दूर वळवणं. रेडिएटर नुसता धुऊन उपयोग नाही, कोअर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घे. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून बघ. पाणी आलं नाही तर मागच्या सिलिंडरभोवती गाळ बसलाय. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा घाल. मिस्त्री तो काढून टाकायला सांगतील. नाशिकच्या थंडीत त्याशिवाय इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि बोअर झिजते.

ब्रेक चारही ड्रम आणि सर्किट एकच, म्हणजे एक पाइप फुटला की पेडल सरळ खाली. म्हणून व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, होज आणि लोखंडी पाइप सगळे एकदम नवे, जुनं-नवं मिसळायचं नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी ब्रेक ऑइल बदल. पुढच्या प्रत्येक ड्रमला दोन अ‍ॅडजस्टर असतात. अनेकदा एकच फिरवला जातो आणि गाडी एका बाजूला ओढते. चाक अडेपर्यंत आवळ, मग फिरेल इतकं सोड. कसारा घाट माल भरून उतरताना वरच तिसरा किंवा दुसरा टाक. ड्रम तापले की पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही.

मागे बसते म्हणून लोक पाट्यांत एक जादा पाटा घालतात. मग रिकामी गाडी खड्ड्यांत उड्या मारते, आणि सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवर रिकामी गाडीच जास्त चालणार आहे. पाट्यांना पुन्हा कमान मारून घे, बुश आणि शॅकल बदल, पुरतं. टॉर्शन बार डावा-उजवा वेगळा असतो, काढताना खूण कर. ग्रीस दीड हजार किलोमीटरला. टायर चारही एकाच जातीचे, रेडियल आणि क्रॉसप्लाय मिसळू नकोस.

वायरिंग जुनं कापडी असेल तर पूर्ण नवं कर आणि हेडलाइटला रिले घाल. डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवताना बॅटरीचा कोणता टर्मिनल बॉडीला आहे ते आधी बघ, उलटं लागलं तर डायोड क्षणात जातात.

कागदांचं पक्कं कर. चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघ. गाडी पन्नाशीपुढची आहे म्हणून एजंट तुला २०२१ च्या नियमांतली व्हिंटेज नोंदणी सुचवेल. नको. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही. साधी नोंदणीच पेठ रोडच्या आरटीओत पाच वर्षांसाठी वाढवून घे. वीस वर्षांवरच्या गाडीची फी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली होती, शिवाय पर्यावरण कर. मूळ इंजिनाऐवजी इसुझूचं इंजिन टाकायचा मोह झाला तर आधी परवानगी, मग काम. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

रंग सगळ्यात शेवटी, एक उन्हाळा चालवून झाल्यावर. तोवर प्रायमरवर साधा एक हात मार.

मालकाला सांगून ठेव की गाडी उजेडात, शेडच्या बाहेर ढकलून ठेवा आणि धुऊ नका. धुतलेल्या गाडीवर पाण्याचे ओघळ दिसत नाहीत. मागच्या भागाचे फोटो पाठव: मॅटिंग उचललेलं फ्लोअर, दोन्ही हँगर, दाराची खालची कड. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास