मायचं वाक्य तसंच ठेवल्याबद्दल

ताई, नमस्कार.

अंबाजोगाईच्या कार्यक्रमानंतर तुम्ही माझी चार पानं हातात घेतली, त्याला दोन महिने झाले. आभार तेव्हाच मानायचे होते, पण घसा दाटून आला आणि मी नुसती पाया पडून निघाले.

तुमचं लेखन मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजच्या वाचनालयात, एका जुन्या दिवाळी अंकात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्यावरचा लेख. रेल्वेच्या वाघिणी किती, लिटर किती, हे सगळ्यांनीच लिहिलं होतं. तुम्ही घागरींची रांग लिहिली. आखूड आखूड वाक्यं, रांग एकेक पाऊल सरकावी तशी. आणि नळाला धार लागते तिथं एकच वाक्य अर्धं पान वाहत जातं, पूर्णविराम येतच नाही. ते मी वहीत उतरवून घेतलं, तीन वेळा. शब्द सगळे घरातले, रोजचे. मग अंगावर काटा कशानं आला, ते कळेना.

त्याच ओढीनं मी मायबापांवर लिहिलं. दसरा-दिवाळी झाली की ते ऊसतोडीला जातात, पाच-सहा महिने. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असंच मोजतात. माय सांगते तसंच लिहिलं होतं: ‘आम्ही दोघं मिळून एक कोयता. एक आजारी पडलं की अर्धा कोयता.’ एका मासिकानं ते बदलून परत पाठवलं, ‘माझे आईवडील हे श्रमिक दाम्पत्य असून...’ वर शेरा, भाषा प्रमाण करावी. एका प्राध्यापकांनी तर पहिलं पानही पुरतं वाचलं नाही. वर्षभर मी पेन धरला नाही. राग अजून गेलेला नाही, ताई, खोटं कशाला सांगू.

तुम्ही मात्र मंडपामागच्या खुर्चीवर बसून सगळं वाचलंत, हळू आवाजात, गुडघ्यावर बोटानं ठेका धरून. जिथं श्वास अडकला तिथं पेन्सिलीनं बारीक रेघ ओढलीत. अशा अकरा रेघा. शब्द एकही खोडला नाहीत. आणि मायच्या वाक्याशेजारी लिहिलंत, ‘याला कुणी हात लावू नये.’ बाहेर गाडी उभी होती, लोक तुम्हाला बोलवत होते, तरी तुम्ही ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलंत.

जाता जाता लीळाचरित्राचं, मराठीतल्या आद्य गद्यग्रंथाचं, सांगितलंत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी माणसांना विचारून विचारून महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी त्यात गोळा केल्या. मराठी गद्य सुरुवातीपासून बोलण्याच्या लयीवरच उभं आहे. एवढ्या एका गोष्टीनं माझी मान वर झाली. दुसऱ्याच्या लिहिण्याला असं जपून हात लावणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं लिहिणं तगतं.

त्या अकरा जागा मी मोठ्यानं वाचून वाचून नीट केल्या. लेख आता छापून आलाय. मायला वाचता येत नाही, मी वाचून दाखवला. कोयत्याचं वाक्य आलं तशी भाकरी थापता थापता ती थांबली. म्हणाली, ‘हे तर मीच बोलले की.’

तुमची,
केज तालुक्यातली एक वाचक